पिक्चर फसला, मग त्याच्या पार्श्वसंगीताला मार्क कसे द्यायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा की पिक्चर बघून घोर निराशा झाली, कथा पटली नाही, शेवट तर अजिबातच नाही, पण पार्श्वसंगीत डोक्यातून जात नाहीये, आता रोज नुसतं तेच ऐकताय आणि शंका येतेय की हे खरंच चांगलं आहे की बाकी सगळं इतकं वाईट होतं म्हणून हे चांगलं वाटलं. आणि दुसरं म्हणजे ज्या पिक्चरसाठी ते केलं तोच फसला असेल तर संगीताला चांगलं म्हणायचं तरी कसं.

माझं मत आधीच सांगून टाकते. म्हणता येतं, बिनधास्त म्हणता येतं, पण नुसता अल्बम ऐकून नाही. संगीतकाराच्या हातात जे होतं त्याचं त्याने काय केलं एवढंच बघायचं, आणि त्यासाठी त्याच्या हातात काय होतं नि काय नव्हतं हे आधी माहीत करून घ्यायचं. हे दुसरं काम बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून मग एकतर 'पिक्चर बंडल पण म्युझिक कमाल' म्हणून मोकळे होतात, नाहीतर पिक्चरबरोबर संगीतालाही झोडपून काढतात.

झोडपण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'द थिंग'. जॉन कारपेंटरचा 1982चा पिक्चर, संगीत एन्निओ मोरिकोने. त्यावेळी समीक्षकांनी पिक्चरला धू धू धुतलं, प्रेक्षकही फिरकले नाहीत, आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट कामांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारात मोरिकोनेला सर्वात वाईट संगीतासाठी नामांकन मिळालं. मोरिकोनेला! आज हाच पिक्चर भयपटांमधला मानदंड धरतात आणि त्याची ती खाली खोल धडधडत राहणारी बेसची सुरावट लोक आदराने ऐकतात. त्याहून भारी गोष्ट पुढे आहे, त्या पिक्चरसाठी मोरिकोनेने लिहिलेले पण न वापरलेले काही तुकडे 2015च्या 'द हेटफुल एट'मध्ये आले, आणि त्या पिक्चरच्या संगीतासाठी 2016मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे संगीतकार तोच, काही सूरही तेच, बदललं काय तर पिक्चरबद्दलचं लोकांचं मत. तेव्हा पिक्चर आवडला नाही म्हणून संगीतावर फुली मारणं किती कच्चं काम आहे हे इथेच दिसतं.

आता संगीतकाराच्या हातात काय असतं ते बघू. साधारणपणे तो येतो तेव्हा शूटिंग संपलेलं असतं, कच्चं एडिटिंग झालेलं असतं, दिग्दर्शकाबरोबर बसून कुठे संगीत सुरू करायचं नि कुठे थांबवायचं ते ठरतं. आणि बऱ्याचदा त्या कच्च्या एडिटवर कुणीतरी आधीच दुसऱ्याचं संगीत तात्पुरतं चिकटवून ठेवलेलं असतं, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शक महिनोन्महिने तेच ऐकत एडिट करतो आणि मग त्याच्या कानाला दुसरं काही रुचतच नाही. '2001: अ स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थने संगीत लिहून रेकॉर्डही केलं होतं, पण दिग्दर्शक कुब्रिकने ते बाजूला ठेवून आधी लावलेले अभिजात संगीताचे तुकडेच कायम केले आणि नॉर्थला ते कळलं थेट पिक्चर बघताना. 'ट्रॉय'च्या वेळी (2004) गाब्रिएल यारेदचं तयार संगीत चाचणीच्या खेळानंतर काढून टाकलं आणि जेम्स हॉर्नरला अगदी थोड्या आठवड्यांत सगळं नवीन लिहावं लागलं. घाई झाली म्हणून जास्त मार्क द्या असं मी म्हणत नाहीये, पण एखादं संगीत ऐकताना 'हे आधी कुठेतरी ऐकलंय' असं वाटलं तर लगेच संगीतकाराला चोर ठरवू नका, कदाचित त्याला तसंच करायला सांगितलं असेल, आणि वेळही तेवढाच दिला असेल.

त्यानंतर मिक्सिंग, म्हणजे पिक्चरमधले सगळे आवाज एकत्र करणं. स्फोट, गाड्या, पाऊस, तलवारी, सगळं वर आणि संगीत खाली दाबलेलं. तुम्हाला थिएटरात जो भाग सपाट वाटला तो अल्बमवर ऐकला तर आत बासरीची अख्खी एक ओळ निघते जी तिथे ऐकूच आली नव्हती. हा दोष लिहिणाऱ्याचा नाही.

पण सगळ्यात जास्त अन्याय होतो तो रेकॉर्डिंग झाल्यावर पिक्चर पुन्हा कापला तर. यासाठी 'स्टार वॉर्स'चा 1999चा 'द फँटम मेनेस' नीट बघण्यासारखा आहे. पिक्चरने भल्याभल्या चाहत्यांचा हिरमोड केला हे जगजाहीर आहे. जॉन विल्यम्सने त्यात 'ड्युएल ऑफ द फेट्स' नावाचा जो तुकडा केला त्यात अख्खा कॉयर म्हणजे गायकवृंद आहे, शब्द संस्कृत आहेत (एका जुन्या वेल्श कवितेवरून घेतलेले, अर्थ लावत बसू नका, नादासाठीच वापरलेत), आणि खाली ऑर्केस्ट्रा सुरांची एक छोटीशी आकृती न थकता फिरवत राहतो. सलग ऐकलात तर कळतं की ती आकृती कधी वर चढते, कधी दबते, कॉयर कधी ओरडतो, कधी एकदम कुजबुजतो आणि पुन्हा उसळतो, सगळं एका श्वासात रचलेलं आहे. आता पिक्चर लावा. शेवटी चार ठिकाणी लढाया चालू आहेत, मैदानात, अवकाशात, राजवाड्यात, आणि ते लाइटसेबरचं, म्हणजे प्रकाशाच्या तलवारींचं द्वंद्व. कॅमेरा एकीकडून दुसरीकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीबरोबर संगीत मध्येच तुटतं, दुसरंच काहीतरी सुरू होतं, परत हे जोडलं जातं. संगीत रेकॉर्ड झाल्यावर शेवटच्या भागाचं एडिट बदललं आणि मग ते त्यात बसवण्यासाठी कापाकापी झाली. पुढच्या भागात, म्हणजे 2002च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये तर शेवटच्या युद्धात आधीच्या पिक्चरचं रेकॉर्डिंगच मोठ्या प्रमाणावर वापरलंय. तिथे कुणी म्हणालं की विल्यम्स स्वतःचीच पुनरावृत्ती करतोय तर ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे, ती निवड एडिटिंगच्या टेबलावर झालेली आहे.

आणि हे फक्त फसलेल्या पिक्चरमध्येच होतं असंही नाही हां. 'एलियन'सारख्या उत्तम पिक्चरमध्ये जेरी गोल्डस्मिथचं संगीत इकडचं तिकडे हलवलंय, काही जागी त्याच्याच 1962च्या एका पिक्चरमधले तुकडे घातलेत आणि शेवटाला चक्क दुसऱ्याच संगीतकाराची, हॉवर्ड हॅन्सनची सिम्फनी आहे. पिक्चर चांगला म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही एवढंच.

बरं, आता प्रत्यक्ष तपासायचं कसं. मी एक प्रसंग निवडते, तो आधी आवाज पूर्ण बंद करून बघते, मग आवाजासकट, मग तोच तुकडा चित्राशिवाय ऐकते, आणि शेवटी परत चित्रासकट. कंटाळवाणं वाटेल पण यातून जे कळतं ते दहा परीक्षणं वाचून कळत नाही.

पुन्हा गोल्डस्मिथच घेऊ, 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर', 1979. या पिक्चरवरचा कायमचा आक्षेप म्हणजे रटाळ आहे, काही घडतच नाही. त्यात एक प्रसंग आहे, नायक कर्क आणि त्याचा इंजिनिअर स्कॉटी एका छोट्या यानात बसून गोदीत उभ्या असलेल्या एंटरप्राइझ या अवकाशजहाजाभोवती फिरतात. पाचेक मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीतच. आवाज बंद करून बघा, एक मॉडेल आणि दोन चेहरे, आलटून पालटून, सहन होत नाही. आता आवाज लावा. जहाज गोदीच्या सांगाड्याआडून तुकड्यातुकड्यांनी दिसतंय तोवर थीम, म्हणजे पिक्चरची मुख्य सुरावटही तुकड्यांतच येते, आश्वासन देते आणि मागे सरते, आणि ते समोरून पूर्ण दिसतं तेव्हा कुठे थीम पूर्ण खुलते. कर्कच्या चेहऱ्यावर जे आहे ते तुम्हाला तेव्हा कळतं, हा माणूस आपल्या हरवलेल्या माणसाला भेटायला आलाय. पटकथेत हे कुठेही इतक्या ताकदीने नाहीये. आणि गोल्डस्मिथने याआधी केलेलं संगीत दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने यात थीमच नाही म्हणून परत पाठवलं होतं, म्हणजे आज आपण जे ऐकतो त्यात दिग्दर्शकाच्या नकाराचाही वाटा आहे. ही थीम इतकी टिकली की 1987मध्ये सुरू झालेल्या पुढच्या टीव्ही मालिकेने तीच शीर्षकसंगीत म्हणून उचलली.

पण त्याच पिक्चरमध्ये पुढे एका प्रचंड ढगातून जाण्याचा लांबलचक प्रवास आहे. तिथे ब्लास्टर बीम नावाचं वाद्य वापरलंय, लांबच लांब धातूची तुळई आणि त्यावर तारा, त्यातून जो गुरगुरणारा आवाज येतो त्याने अंगावर काटा येतो. पहिल्यांदा येतो, दुसऱ्यांदा येतो, नंतर मात्र प्रसंगच संपत नाही म्हणून संगीतही थकल्यासारखं वाटायला लागतं. ऐकायला तितकंच उत्तम, पण पिक्चरला तिथे तारू शकत नाही. म्हणून मी अख्ख्या पिक्चरच्या संगीताला एक आकडा देणं सोडून दिलंय, प्रसंगाप्रसंगाने बघते.

दोन वेगळे मार्क द्यायची वेळ येते ती 'लेडी इन द वॉटर'सारख्या पिक्चरला. 2006चा, दिग्दर्शक श्यामलनला त्यासाठी सर्वात वाईट दिग्दर्शनाची रॅझी मिळाली. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत मात्र त्या परीकथेवर मनापासून विश्वास ठेवतं, कुठेही हातचं राखत नाही. एक मुलगा नाश्त्याच्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या) खोक्यांवर भविष्याच्या खुणा वाचतो असला प्रसंग आहे आणि बाकीच्या गोष्टीसारखं संगीत तोही पूर्ण गांभीर्याने घेतं. माझं मत, मधल्या भागात हे संगीत प्रसंगाने न कमावलेली भावना मागतं आणि त्यामुळे पिक्चरचा कमकुवतपणा जास्तच उघडा पडतो, पण शेवटाकडे, जिथे गोष्ट फार बोलायचं थांबते, तिथे ते पिक्चरला खरंच उचलतं. रचना म्हणून अव्वल, पिक्चरमधलं काम म्हणून अर्धं यशस्वी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि संगीत स्वतः गुन्ह्यात सामील असतं अशीही उदाहरणं भरपूर. आवाज बंद केल्यावर प्रसंग जर सुधारला, तर संगीताची चूक आहे हे नक्की समजा. नटाच्या चेहऱ्यावर दुःख यायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागतात, पाठलाग सुरू व्हायच्या आधी ढोल, एक क्षण शांतता मिळत नाही, प्रेक्षकाला स्वतःचं काही वाटून घ्यायला जागाच ठेवत नाहीत. अशा संगीताचा अल्बम ऐकायला गोड असू शकतो आणि तिथेच माणूस फसतो.

अल्बमचंही ऐका जरा. तो पिक्चरच्या क्रमाने असतोच असं नाही, कमजोर तुकडे गाळलेले असतात, कधीकधी खास अल्बमसाठी वेगळी मांडणी केलेली असते. दीड तासातलं निवडक पाऊण तास ऐकून 'अख्खं भारी' म्हणणं बरोबर नाही. उलटही होतं, 'फँटम मेनेस'च्या संगीताची 2000मध्ये दोन सीडींची मोठी आवृत्ती निघाली, लोक खूश झाले, आणि बघतात तर तिच्यात पिक्चरमधली कापाकापी तशीच्या तशी होती.

गाण्यांची गोष्ट वेगळी, ती यात मिसळू नका. आपल्याकडे गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असं सर्रास असतं. 2009च्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांसाठी 'देव डी'च्या अमित त्रिवेदीला आणि पार्श्वसंगीतासाठी 'पळशी राजा'च्या इलैयाराजांना असे दोन वेगळे पुरस्कार दिले गेले ते योग्यच आहे, कामच दोन वेगळी आहेत. गाणी चालली म्हणजे पार्श्वसंगीत चांगलं असं काही नाही.

आता तुमची पहिली शंका, की बाकीचं वाईट होतं म्हणून हे चांगलं वाटलं का. अशी भुरळ पडते, नाही असं नाही. त्यावर उपाय म्हणजे थोडे दिवस हा अल्बम अजिबात लावू नका. मग त्याच संगीतकाराची आधीची दोन-तीन कामं ऐका आणि त्यानंतर परत याच्याकडे या. तो नेहमीचीच युक्ती करत होता की या पिक्चरसाठी काही नवीन शोधलं होतं ते तेव्हा लगेच कळेल. मुख्य थीम पिक्चरभर बदलत जाते का तेही बघा, पात्राचं काही बिनसलं तर तिची लय, वाद्य, सूर काही हलतं का, की दर वेळी तीच ती ओळ नुसती मोठ्या आवाजात येते. पिक्चर चांगला असता तर या संगीताला आणखी काय करता आलं असतं हा विचार मात्र करू नका, तो पिक्चर अस्तित्वातच नाही, त्यावर मार्क देता येत नाहीत.

सुरुवात शेवटच्या प्रसंगापासूनच करा, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग तिथेच आहे. आणि श्रेयनामावली संपेपर्यंत थांबून अतिरिक्त संगीत कुणाचं आहे ती नावं बघून ठेवा, तुम्हाला आवडलेला तुकडा नेमका त्यांच्यातल्याच कुणाचा तरी असू शकतो.