अभिषेक आणि समर्पण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : प्रार्थनासभेत पवित्र आत्म्याच्या अभिषेकासाठी प्रार्थना झाली. शेजारचे लोक रडत होते, थरथरत होते, काही जण खाली पडले. मला काहीच जाणवले नाही. माझा अभिषेक झालाच नाही का?

उत्तर : अंगाला काय जाणवले, यावर अभिषेक ठरत नाही. योहान आपल्या पहिल्या पत्रात (२:२०, २७) अभिषेकाबद्दल लिहितो ते मंडळीतल्या (चर्चच्या समुदायातल्या) सगळ्यांना उद्देशून, चार पुढाऱ्यांना नव्हे. पौलानेही करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२१-२२) अभिषेक, शिक्का आणि आत्म्याचा विसार या तिन्ही गोष्टी देवाने केल्या आहेत असे म्हटले आहे.

पुढे राजा झालेल्या दाविदाचे पाहा. शमुवेल संदेष्ट्याने त्याच्या मस्तकावर तेल ओतले आणि त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला. पण त्याच अध्यायात (१ शमुवेल १६) शौल राजाने त्याला बोलावणे पाठवले, तेव्हा तो मेंढरांमागेच होता. पुढे हेब्रोनात यहूदाच्या लोकांनी त्याला अभिषेक केला. तिथे साडेसात वर्षे राज्य केल्यावर सर्व इस्राएलाच्या वडीलजनांनी (पुढाऱ्यांनी) तिसऱ्यांदा केला. अभिषेक होता, आणि रोजचे काम व वाट पाहणेही सुटले नव्हते. डोळ्यांत पाणी आले तर त्यात वाईट काही नाही, पण खूण शोधायची ती नंतरच्या आयुष्यात. येशूच्या अभिषेकाबद्दल प्रेषितांची कृत्ये १०:३८ सांगते ते हेच : तो सत्कर्मे करत आणि सैतानाने पीडलेल्यांना बरे करत फिरला.

प्रश्न : बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती दिली आहे. ते घरी करता येईल का?

उत्तर : करू नये, आणि कारण त्याच अध्यायात आहे. घटक असे : गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि हिनभर जैतुनाचे तेल. शेकेल साधारण ११ ग्रॅम धरला तर सुगंधी द्रव्येच १६-१७ किलो होतात. हिनभर तेलाचे अंदाज साडेतीन ते सहा लिटर. एवढा मसाला तेवढ्या तेलात नुसता कालवता येत नाही. म्हणूनच मजकुरात ते गांध्याच्या (सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्याच्या) कसबाचे काम म्हटले आहे. शिवाय ३२ व ३३ या ओव्यांत स्पष्ट मनाई आहे : सामान्य माणसाच्या अंगाला ते लावू नये आणि तशाच मिश्रणाचे दुसरे तेल करू नये.

आज मंडळीत साधे जैतुनाचे तेल पुरते. दालचिनीचे किंवा तजाचे अर्कतेल थेट कपाळावर लावले तर कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा तो प्रयोग नको. ‘खास सामर्थ्याचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर तर पैसे घालूच नका. आत्म्याचे दान पैशाने विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले, ते कृत्ये ८:२० मध्ये वाचा.

प्रश्न : वडील खूप आजारी आहेत. तैलाभ्यंगासाठी (आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी) धर्मगुरूंना कधी बोलवावे? नातलग म्हणतात, बोलावले तर ते धसका घेतील.

उत्तर : आत्ताच बोलवा. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो : लोक शुद्ध हरपेपर्यंत थांबतात, मग आजाऱ्याला पापनिवेदन करता येत नाही, ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) घेता येत नाही, प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणता येत नाही. याकोबाच्या पत्रातला (५:१४) आजारी माणूस स्वतः मंडळीच्या वडीलजनांना बोलावतो, म्हणजे तो शुद्धीवर आहे.

कॅथलिक रीतीत हा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. मरणाच्या दारातच तो घ्यायचा असे नाही. गंभीर आजार, मोठे ऑपरेशन, म्हातारपणाची अशक्तता एवढे कारण पुरे. बरे होऊन पुन्हा गंभीर आजार आला, किंवा त्याच आजाराने आणखी जोर धरला, तर तो पुन्हा घेता येतो. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी विधी सुटसुटीत केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असे तेल लावत. आता कपाळ आणि हात. अडचणीच्या वेळी नुसते कपाळही चालते. जैतुनाचे तेल मिळत नसेल तर दुसरे वनस्पतिजन्य तेल त्या वेळेपासून ग्राह्य आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुधा पाळक किंवा वडीलजन कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात.

तयारी थोडीच लागते. स्वच्छ कापड घातलेले छोटे टेबल, क्रूस, हात पुसायला कापूस. टीव्ही बंद. औषधे आणि डॉक्टरांचे उपचार चालूच ठेवायचे. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका आणि मास्कजवळ तेल नेऊ नका, हात पुरेत. जखम किंवा पुरळ असेल तर आधीच सांगा. वडिलांना मात्र विचारा, आणि ‘तुमच्यासाठी बळ मागायला येताहेत’ असे सरळ सांगा. लपवाछपवीनेच माणूस जास्त घाबरतो.

प्रश्न : दर उपवास-प्रार्थनेत मी जीवन समर्पित करते आणि आठवड्यात पुन्हा जिथल्या तिथे. असे का होते?

उत्तर : बहुधा समर्पण फार मोघम असते म्हणून. ‘प्रभू, माझे सर्वस्व तुझे’ म्हणताना नेमके काय दिले हे मनातही ठरलेले नसते. लेवीय ८ मध्ये याजक म्हणून समर्पित होणाऱ्या अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावले आहे. अध्याय १४ मध्ये कुष्ठरोगातून शुद्ध झालेल्या माणसालाही याच तीन जागी आधी रक्त, मग त्या रक्तावर तेल. क्रम ध्यानात घ्या. आधी क्षमा आणि शुद्धी, त्यावर अभिषेक. आपण दोषी मनाने आधी चांगले वागून दाखवायला जातो आणि थकतो.

तेव्हा कान, हात, पाय यांतली एकेक गोष्ट घ्या. कान : कोणाची चुगली ऐकायची थांबवणार? हात : कोणाचे उसने पैसे परत करायचे, आणि कधी? पाय : कुठे जाणे बंद, कोणाच्या घरी जाणे सुरू? एका वेळी एकच, तारखेसह, आणि विश्वासातल्या एका बहिणीला सांगून. चुकलात तर दुसऱ्या दिवशी कबूल करा, पुढच्या उपवासापर्यंत थांबू नका. अहरोन आणि त्याचे मुलगेसुद्धा दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी सात दिवस राहिले, एका दिवसात उठून गेले नाहीत.

प्रश्न : आमच्या पाळकांना हिशेब विचारला की ते ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन सांगतात. विचारणे पाप आहे का?

उत्तर : नाही. स्तोत्र १०५:१५ मध्ये अब्राहाम, इसहाक, याकोब यांना परक्या राजांनी इजा करू नये असे म्हटले आहे. हिशेबाशी त्याचा संबंध नाही. दाविदाने शौलावर शस्त्र उचलले नाही, पण त्याच्या झग्याचा तुकडा हातात धरून त्याचा अन्याय त्याला तोंडावर सांगितला. पुढे अभिषिक्त दाविदालाच नाथान संदेष्ट्याने पाप दाखवून ‘तो माणूस तूच’ म्हटले. पैशाच्या बाबतीत पौल स्वतःसोबत इतरांनाही ठेवत असे, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). आदराने, लेखी आणि दोन साक्षीदारांसह विचारा.

प्रश्न : आशीर्वादित तेल जुने होऊन खवट झाले. कुठे टाकावे?

उत्तर : मोरीत ओतू नका. कापसात टिपून जाळा किंवा पायदळी न येणाऱ्या जागी मातीत मुरवा. चर्चमधून आणलेले असेल तर चर्चमध्येच परत द्या. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र आठवड्यात बिशपांच्या हस्ते नवी तेले तयार होतात, तेव्हा जुनी जाळण्याचा प्रघात आहे.