सुटीवरचा जवान आणि घरची बंदूक

प्रश्न : सैन्यातला मुलगा लग्नासाठी सुटीवर येत आहे. माझ्या परवान्याच्या दुनळी बंदुकीतून वरातीत त्याने हवेत बार काढला तर चालेल का?
– एक माजी सैनिक, अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

उत्तर : मुळीच नाही. जवानाची सरकारी रायफल पलटणीच्या कोतमध्येच (शस्त्रागारातच) राहते, आणि घरच्या बंदुकीचा परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्नघरात पाहुण्यांची लहान मुले असतील, याचीच आम्हाला अधिक काळजी वाटते. म्हणून बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे स्वतः पाहा, ती कुलपात ठेवा आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात.