सही कुठे करायची, ताई?

प्रश्न: ताई, रात्री मालिका लागली की सासूबाई, मी आणि माझी मुलगी तिघी टीव्हीपुढे. 'आई कुठे काय करते'मध्ये अरुंधती-अनिरुद्धचा घटस्फोट झाला तेव्हा सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, बाईचं असं घर नसतंच गे. मला ते लागून राहिलंय. आमचं घर सासऱ्यांच्या नावावर, ते आहेत अजून. सासूबाईंचं आणि माझं, दोन्ही लग्नं गोव्यातच रजिस्टर झालेली, करारबिरार काही नाही. मग या घरात आम्हा दोघींचं काहीच नाही का? (फोंडा)

उत्तर: आधी सासूबाईंना सांग की ज्या घरात बसून त्या रडतायत त्याच्या अर्ध्या मालकीण त्या स्वतः आहेत! मस्करी नाही करत. आपल्याकडे 1867 चं पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू झालं आणि त्यातली संपत्तीची व्यवस्था अजून चालू आहे, लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि दोघांचा अर्धा अर्धा वाटा, मग ते घर त्याला बापाकडून आलेलं असो की त्याने कर्ज काढून बांधलेलं असो. म्हणून तर आपल्याकडे भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, एक तुकडा विकायचा तरी भाऊ, बहिणी, त्यांचे नवरे, दुबईतल्या दिराची बायको, सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. घर विकायचं तर बायकोच्या सहीशिवाय होत नाही.

तुझं मात्र वेगळं आहे. सासरे आहेत तोवर त्या घरात तुझ्या नवऱ्याचाच वाटा अजून नाही, मग तुझा कुठून येणार. पण राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट. घरात त्रास होत असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कायद्याच्या प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून तुला बाहेर काढता येत नाही, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर धरता येतं असं सुप्रीम कोर्टाने 2020 साली स्पष्ट केलंय. मालिकेत हे कोणी सांगत नाही, तिथे नायिकेने बॅग भरून पावसात निघायचं असतं, कारण वकिलाच्या ऑफिसात बसून कागद बघणारी बाई दाखवली तर टीआरपी कोण देणार.

आणि नवऱ्याला हे माहीत नसतं असं समजू नको. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए आलं ते खास आपल्यासारख्यांसाठी, पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज वगैरे, नवरा-बायकोत अर्धं अर्धं धरलं जातं. रिटर्न भरताना बरोबर आठवतं की बायको अर्धी भागीदार आहे. फ्लॅटचं भाडं कुठे जातं ते विचारलं की मात्र, तुला काय करायचंय त्यातलं?

प्रश्न: सगळीकडे म्हणतात गोव्यात सगळ्यांना एकच कायदा, बायकांना पूर्ण समान. खरं का? (म्हापसा)

उत्तर: बरंचसं खरं, पूर्ण नाही. 1880 चा एक हुकूम आहे हिंदूंच्या रूढींबद्दलचा, त्यात बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूलच झालं नाही किंवा तीसपर्यंत मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मोकळीक ठेवलेली. आणि मूळ कोडात दोघांच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे! अर्धी मालकीण, पण चाव्या त्याच्याकडे. भाषणात हे गाळतात.

प्रश्न: वय 41, पाळीत खूप रक्त जातं, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाकू, आता तिचं काय काम. नवऱ्याने फॉर्म आणलाय सही करून, माझी सही बाकी आहे. (साखळी)

उत्तर: बाकी आहे ती बाकीच राहू दे जरा. बघ, मी डॉक्टर नाही, पण हे प्रश्न घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा: हिमोग्लोबिन किती, थायरॉइड बघितलं का, गाठ नेमकी कुठे आणि केवढी, आतल्या अस्तराची तपासणी लागेल का, गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने रक्त आटोक्यात येईल का, नुसती गाठ काढता येईल का. आणि ऑपरेशन खरंच लागलं तर अंडाशय ठेवणार की काढणार हे आधीच विचार, कारण या वयात तेही गेले तर एकदम मेनोपॉज, हाडं आणि हृदय दोन्हीला धोका वाढतो. कधी कधी पिशवी काढणं हाच बरोबर उपाय असतो, मी विरोधात नाही, पण 'आता तिचं काय काम' हे काही कारण नाही झालं. बीडमधल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते 2019 साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं.

सहीचं म्हणशील तर दिल्लीतली एक केस आहे. बाई तपासणीसाठी भुलीखाली, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईची संमती तिचीच लागते, जीव वाचवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नवऱ्याच्या सहीने तुझं ऑपरेशन होत नाही.

(मालिकांमधल्या बायकांना आजार म्हणजे चक्कर, आणि चक्कर म्हणजे गोड बातमी. 'होणार सून मी ह्या घरची'तल्या जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं त्यावर आख्ख्या महाराष्ट्राने जोक मारले, पण फायब्रॉइड झालेली नायिका आठवतेय का कोणाला?)

प्रश्न: वडील दोन वर्षांपूर्वी गेले. भाऊ म्हणतो गणेश चवथीला येशील तेव्हा एका कागदावर सही करून जा, बहिणी करतातच. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. (पेडणे)

उत्तर: तो कागद बहुतेक रिलिंक्विशमेंट डीड असणार, म्हणजे वारसाहक्क सोडल्याचा, स्पेशल नोटरीसमोर होतो. एकदा केला की मागे फिरणं फार कठीण. तुझा वाटा भावाइतकाच आहे, मुलगी म्हणून कमी नाही. सोडायचा की नाही हे तू ठरव, मनापासून द्यायचा असेल तर दे बाई, पण काय देतेयस ते आधी कळू दे: घर, बागायत, बँकेतलं, आईचा अर्धा भाग वेगळा ठेवलाय की नाही. आईचं खास विचार, कारण ती आहे तोवर तिचा वारसा आत्ताच सोडता येत नाही, तिच्या नावाची ओळ त्या कागदात असेल तर लगेच वकिलाला दाखव. भांडण नको असेल तर इन्व्हेंटरीचा मार्ग आहे, कोर्टासमोर सगळ्या मालमत्तेची यादी होते आणि वाटे पडतात. भावाला फोन करून सांग, मसुदा आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठव, आणि चवथीला मी गणपतीवरची माटोळी बांधायला येतेय, सह्यांचं नंतर बघू.