भिंतीत आधी वायर घाला, स्पीकर नंतर

प्रश्न: नव्या घराचा गिलावा तीन आठवड्यांवर आला आहे. बिल्डर पाच खोल्यांत मिळून दहा इन-वॉल स्पीकर, एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच वर्षांची वाढीव वॉरंटी असं पॅकेज देतोय. किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतकी. ही रक्कम गृहकर्जातच वाढवून मिळेल (९ टक्के, २० वर्षं), त्यामुळे हप्त्यात फारसा फरक जाणवणार नाही. बोनस आला की फेडून टाकेन. घर विकताना किंमतही वाढेल. घराची आगाऊ रक्कम भरल्यावर हातात महिन्याभराच्या खर्चालाही पुरणार नाहीत एवढेच पैसे उरलेत. पगाराचे ८० टक्के हप्ता आणि घरखर्चात जातील. साडेसहा इंची स्पीकर घेऊ की आठ इंची?

उत्तर: साडेसहा इंची. पण तुमची चूक इंचांत नाही, म्हणून आधी कर्जाचं बोलू.

९ टक्क्यांनी २० वर्षांत दर १०० मागे सुमारे २१६ फेडावे लागतात. म्हणजे दीड पगाराचं पॅकेज तुम्हाला सव्वातीन पगारांना पडेल. हप्ता पगाराच्या जेमतेम १.३५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून तो जाणवत नाही; पण तो २४० वेळा भरायचा आहे. दहा वर्षांनी अ‍ॅम्प्लिफायर बदलायची वेळ येईल, तेव्हा या रकमेच्या मुद्दलातले ७१ टक्के अजून बाकी असतील. बोनस अजून आलेला नाही. आला, तर त्याच दिवशी रोखीने स्पीकर घ्या, व्याजाचा प्रश्नच उरणार नाही. आणि घराच्या किमतीचं म्हणाल, तर घर विकताना भिंतीतले स्पीकर घरासोबत जातात आणि त्यांचे वेगळे पैसे क्वचितच कोणी देतं. त्यांना गुंतवणूक म्हणू नका. हा हौसेचा खर्च आहे आणि हौस करायला हरकत नाही.

खरी काळजी तुम्ही ओघात लिहून गेलेल्या वाक्याची आहे. हातात महिन्याभराचाही खर्च नाही आणि डोक्यावर नवा हप्ता! एक पगार लांबला तर पहिला हप्ता चुकतो तो इथेच. उरलेले २० टक्के आधी बाजूला टाकत जा. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे तुमचे सुमारे अडीच पगार. आजची शिल्लक धरून तिथे पोचायला आठ-नऊ महिने लागतील. त्यानंतर दोन खोल्यांच्या स्पीकरना पॅकेजच्या निम्मा खर्च धरला, तर आणखी चार महिने. एका वर्षाच्या आसपास कर्जाशिवाय गाणी वाजतील. त्यानंतरही तो निधी सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवत राहा.

थांबता न येणारी गोष्ट एकच, भिंतीच्या आतलं काम. गिलाव्यानंतर झिऱ्या मारणं महाग पडतं. त्यामुळे आज पैसा फक्त तिथे घाला, तोही कर्जाबाहेरून. तार शुद्ध तांब्याची घ्या. १५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर जाडी पुरते, त्यापुढे ३० मीटरपर्यंत २.५. हे ८ ओहम इम्पीडन्सच्या (म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाच्या) स्पीकरचं गणित आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि टोकं वाकवताना तुटतात. चाकूने खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर परत करा. तार कंड्युट पाइपातून न्या. विजेच्या वायरिंगला समांतर जात असेल तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. दोन्ही टोकांना मीटरभर जादा तार सोडा. सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठी, एक रिकामा पाइप आत्ताच टाका. त्याच्यामुळेच आठ इंचीची गरज उरत नाही: खर्ज सबवूफर सांभाळतो, आणि तो घर बदललं तरी सोबत नेता येतो.

पक्क्या भिंतीत खोबणीही आत्ताच लागते. सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद, ५० उंच आणि १० ते १२ खोल ठेवून वर बोर्ड बसवा. भोक मात्र पुढे निवडाल त्या मॉडेलच्या मापाने कापा. भार पेलणाऱ्या भिंतीत हे करू नका, इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. बैठकीच्या खोलीत ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटर. पोकळ भिंत असेल तर स्पीकरमागे बंद पेटी (बॅकबॉक्स) हवीच, नाहीतर शेजारच्या खोलीत बरंच ऐकू जातं आणि खर्ज पोकळ होतो.

पॅकेजमध्ये आणखी एक खोट आहे. पाच जोड्या एकाच अ‍ॅम्प्लिफायरला समांतर जोडल्या तर ८ ओहमचे स्पीकर प्रत्येक चॅनेलला (डाव्या आणि उजव्या बाजूला) १.६ ओहम दिसतात. बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायरना किमान ४ ते ६ ओहम लागतात. आवाज वाढवला की ते तापून बंद पडतात. मध्ये इम्पीडन्स जुळवणारा सिलेक्टर लागेल, आणि तुम्ही दिलेल्या यादीत तो नाही. शिवाय वाढीव वॉरंटीत स्पीकर धरलेत. साध्या स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बिघडतो तो अ‍ॅम्प्लिफायर.

पुढे विकत घेताना सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती आवाज देतो, ते पाहा. ९० डेसिबलचा स्पीकर ८७ च्या स्पीकरइतकाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर लहान चालतो. कोनाभोवतीची कड रबराची असू द्या. फोमची काही वर्षांत झडते.

बिल्डरला पॅकेज नको असल्याचं या आठवड्यात लेखी कळवा आणि ती रक्कम वगळलेलं हप्त्यांचं वेळापत्रक बँकेकडून मागवून घ्या. गिलावा चढण्याआधी प्रत्येक तारेला दोन्ही टोकांवर चिठ्ठी लावा, आणि मापाची पट्टी भिंतीला धरून प्रत्येक झिरीचा फोटो काढून ठेवा.