डीव्हीडी छापायला ओरिजिनल (प्रिंटर कंपनीची) शाई परवडते की कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची)?

प्रश्न: सावंतवाडीत स्टुडिओ आहे. गणपतीत डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) २०० डीव्हीडी एपसन एल८०५ प्रिंटरवर छापायच्या आहेत. कुठली शाई स्वस्त पडेल?

उत्तर: बाटलीचा भाव बघून शाई घेऊ नका. फुकट गेलेल्या डिस्क मोजा. त्या मोजल्या तर गणपतीत ओरिजिनलच परवडते.

आधी हिशेब. आतला व्यास २३ आणि बाहेरचा ११८ मिमी ठेवून छापलं तर क्षेत्रफळ साधारण १०५ चौरस सेंमी, म्हणजे ए४ चा सहावा हिस्सा. पूर्ण फोटो असेल तर ०.१५ ते ०.२ मिली शाई धरा. ओरिजिनल ७० मिली ५०० रुपयांना धरली तर डिस्कमागे एक ते दीड रुपया, कंपॅटिबल १०० मिली १५० ला धरली तर पंचवीस-तीस पैसे. तुमच्याकडचे भाव घालून बघा, पण २०० डिस्कला फरक २०० रुपयांच्या आसपासच निघेल. कोरी डिस्क १५ ला पडत असेल तर चौदा डिस्क बिघडल्या की बचत संपली!

आणि भाद्रपदात त्या बिघडतातच. डिस्कवरचा पांढरा थर शाई पितो, पण दमट हवेत ती लवकर सुकत नाही. गडद निळी किंवा काळी पार्श्वभूमी असली की मधल्या भोकाजवळ शाई साचते. वरून कोरडी दिसते, नख लावलं की निघते. अशा डिस्क एकावर एक रचल्या की खालच्या डिस्कचा रंग वरचीच्या पाठीला लागतो, म्हणजे नेमका वाचायच्या बाजूला. आधी बर्न करून तपासा, मग छापा. पंख्याखाली एकेक सुटी ठेवून २४ तास जाऊ द्या. उन्हात नको. उरलेल्या कोऱ्या डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करा.

छपाईच्या सेटिंगमध्ये आतला व्यास डिस्कच्या पांढऱ्या भागाप्रमाणेच टाका. काही डिस्कचा पांढरा भाग ४६ मिमीपासून सुरू होतो. तिथे २३ टाकलंत तर शाई उघड्या प्लास्टिकवर पडते आणि कधीच सुकत नाही.

"शाई सगळी सारखीच" म्हणणारे विक्रेते हेड (शाई फवारणारा भाग) बदलायला पैसे देत नाहीत. तसं हेड नेहमी शाईनेच जातं असंही नाही. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद केला की हेड झाकलं जाईलच असं नाही, मग नोझल (हेडची बारीक भोकं) सुकतात, आणि ती साफ करताना (क्लीनिंगमध्ये) शाई वेस्ट पॅडवर, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडवर, जाते. वर काढलेल्या आकड्यात ती धरलेली नाही. पावसात वीज जाते तिथे छोटा यूपीएस हवाच.

एक राहिलं: ओरिजिनल असली तरी ही डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणारी. साध्या प्रिंटेबल डिस्कवर मोदकाच्या ओल्या हाताने बुवांचं नाव पसरणारच. ते नको असेल तर पाणी न लागणाऱ्या चकचकीत डिस्क घ्या. आणि हिवाळ्यात नुसती काळी अक्षरं छापायची असतील तर चांगली कंपॅटिबल चालते, फक्त ओरिजिनल आणि कंपॅटिबल एका टाकीत मिसळू नका.