'द टू टॉवर्स'मधले दोन टॉवर कुठले, आणि मराठीत त्यांना काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या खंडाचं नाव 'द टू टॉवर्स', तर ते दोन टॉवर नक्की कुठले, मित्रांमध्ये यावरून जुंपलीय, एकजण म्हणतो दुष्ट जादूगार सारुमानचा आणि कथेतला मुख्य शत्रू सॉरॉनचा, दुसरा म्हणतो छे, त्यात मिनास तिरिथ, म्हणजे सॉरॉनशी लढणाऱ्या माणसांचं नगर, असायलाच हवं. आणि जाता जाता हेही विचारलंय की मराठीत 'दोन मनोरे' म्हणावं की 'दोन बुरूज', आणि मुळात नावातला तो लॉर्ड कोण.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती माहीत नसली की सगळा वाद भलत्याच पायावर उभा राहतो. टोल्कीनने 'टू टॉवर्स' नावाची वेगळी कादंबरी लिहिलीच नाही. त्याने लिहिली एक सलग कादंबरी, आतून 6 भागांत विभागलेली. महायुद्धानंतरच्या इंग्लंडात कागद महाग, एवढा जाडजूड ऐवज एका पुस्तकात छापणं प्रकाशकांना धोक्याचं वाटत होतं, म्हणून ॲलन अँड अनविनने ती तीन खंडांत काढली, प्रत्येक खंडात दोन-दोन भाग. पहिले दोन खंड 1954 मध्ये आले, तिसरा 1955 मध्ये. म्हणजे कादंबरी लिहून झाल्यावर तिचे खंड पाडले आणि मग त्या खंडांचं बारसं झालं.

आणि यात सगळ्यात अडचणीचा होता हा मधला खंड. कारण त्यात जे दोन भाग आले त्यांचा एकमेकांशी संबंध अगदी थोडा. तिसऱ्या भागात ॲरागॉर्न, लेगोलास, गिमली हे साथीदार, रोहन राज्याची लढाई, एन्टांनी, म्हणजे झाडांसारख्या चालत्या-बोलत्या राक्षसांनी, सारुमानच्या आयझेनगार्डची केलेली धूळधाण, यात अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो एकदाही समोर येत नाही. चौथ्या भागात फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि वाटाड्या गॉलम सॉरॉनच्या मुलखाच्या, मॉर्डॉरच्या दिशेने रखडत चाललेत आणि तिकडे पश्चिमेला काय चाललंय हे त्यांच्या गावीही नाही. पात्रं वेगळी, मुलूख वेगळा, सूरही वेगळा. या दोघांना एका नावाखाली आणायचं होतं, आणि ते नाव म्हणजे 'द टू टॉवर्स'.

आता गंमत बघा. 1953 च्या ऑगस्टमध्ये टोल्कीनने प्रकाशक रेनर अनविनला पत्र लिहिलं त्यात तो स्वतःच म्हणतो की हे नाव मोघम ठेवता येईल, त्याचा अर्थ आयझेनगार्ड आणि बाराद-दूर (सॉरॉनचा काळा मनोरा) असा घेता येईल, किंवा मिनास तिरिथ आणि बाराद-दूर, किंवा आयझेनगार्ड आणि किरिथ उंगोल (मॉर्डॉरच्या सीमेवरचा मनोरा). एका पत्रात तीन जोड्या! पुढे 1954 च्या जानेवारीत परत पत्र, त्यात म्हणतो मला हे नाव मुळीच पसंत नाही, दुसऱ्या खंडाशी खरोखर संबंध जोडायचा तर ते दोन म्हणजे ऑर्थँक (आयझेनगार्डमधला सारुमानचा मनोरा) आणि किरिथ उंगोलचा मनोराच असले पाहिजेत, पण कादंबरीत काळा मनोरा विरुद्ध मिनास तिरिथ या विरोधावर इतका भर आहे की वाचकाची दिशाभूल होणार. आणि मग पहिला खंड छापून आला तर त्याच्या शेवटी वाचकांसाठी टीप, की पुढच्या खंडाचं नाव 'द टू टॉवर्स' आहे कारण त्यातल्या घटनांवर ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल (सॉरॉनच्या ताब्यातलं मनोऱ्याचं नगर) यांची छाया आहे. म्हणजे चौथी जोडी, आणि छापील! त्याने मुखपृष्ठासाठी जे चित्र काढलं त्यातही हेच दोघं आहेत, काळा ऑर्थँक, पांढरा मिनास मॉर्गुल, आणि दोघांच्या मधून उडणारा सॉरॉनचा सेवक नाझगुल. ते चित्र तेव्हा वापरलं गेलं नाही, नाहीतर निम्मे वाद तिथेच मिटले असते.

मग सारुमान-सॉरॉनवाली जोडी एवढी पक्की कशी झाली? सिनेमामुळे. 2002 च्या सिनेमात सारुमानच्या तोंडी दोन मनोऱ्यांच्या युतीबद्दल सरळ वाक्यच घातलंय, त्यामुळे ज्यांनी आधी सिनेमा पाहिला त्यांना दुसरा अर्थ असू शकतो हेच पटत नाही. सिनेमापुरतं ते बरोबरच आहे. पण पुस्तकात बघाल तर बाराद-दूर या खंडात प्रत्यक्ष कुठे येतच नाही, फ्रोडोचा मित्र पिपिन पालांतीर नावाच्या, दूरचं दाखवणाऱ्या दगडात डोकावतो तेव्हाची ती भयानक ओझरती भेट काय तेवढीच. मिनास तिरिथचंही तेच, जादूगार गँडाल्फ पिपिनला घोड्यावर घेऊन तिकडे निघतो खरा पण पोचतो तिसऱ्या खंडात. तुमच्या दुसऱ्या मित्राला मात्र मी मोडीत काढणार नाही, कारण पहिल्या खंडातल्या सभेत एल्फांचा प्रमुख एलरॉन्ड सांगतो की मिनास इथिल शत्रूच्या हातात गेलं, त्याचं मिनास मॉर्गुल झालं, मग मिनास अनोरला मिनास तिरिथ म्हणायला लागले आणि तेव्हापासून या दोन नगरांचं कायम वैर. कथेच्या पोटात शिरून पाहिलं तर खरी जोडगोळी हीच, एक सूर्याचा मनोरा होता, एक चंद्राचा.

मला विचाराल तर छापील टीप प्रमाण मानून ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल हे उत्तर द्यावं, पण किरिथ उंगोलचा दावाही तगडा आहे, आणि तो मी नुसता लेखकाच्या पत्रावरून म्हणत नाही. खंडाचा शेवट आठवा. सॉरॉनचे ऑर्क शिपाई निपचित फ्रोडोला उचलून आत नेतात, दार बंद होतं, सॅम त्या पितळी दारावर अंग झोकून देतो आणि खाली कोसळतो, आणि फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या ताब्यात आहे एवढं सांगून खंड संपतो. ते दार किरिथ उंगोलच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या भुयाराचं आहे. पुढचा खंड येईपर्यंत वाचक जवळजवळ वर्षभर त्याच बंद दारापाशी ताटकळत होते. तर टीपेप्रमाणे मॉर्गुल, कथेप्रमाणे उंगोल, आणि ऑर्थँकबद्दल मात्र फारसा वाद नको, लेखकाच्या चार जोड्यांपैकी तीन जोड्यांत तो आहे.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते वादाची अर्धी मेख इंग्रजी 'द' मध्ये आहे. नुसतं 'टू टॉवर्स' असतं तर कुणी एवढा कीस काढला नसता, पण 'द' आलं की इंग्रजी वाचकाला वाटतं अरे ठरावीक दोघं आहेत, मला माहीत असायला हवेत. मराठीत असं उपपद नाही, पण आपल्याकडे 'दोन' आणि 'दोन्ही' आहे. 'दोन मुलगे आले' म्हटलं तर कुठलेही दोन, 'दोन्ही मुलगे आले' म्हटलं की ऐकणाऱ्याला ते कोण हे आधीच ठाऊक आहे, आणि तिसरा मुलगा नाहीच. म्हणून 'दोन्ही मनोरे' हे नाव साफ चुकीचं होईल कारण या कथेत मनोरे किमान पाच आहेत. 'ते दोन मनोरे' हे 'द' ला जवळचं, पण शीर्षक म्हणून कसंतरीच वाटतं. 'दोन मनोरे' हेच बरोबर, आणि टोल्कीनला जो मोघमपणा हवा होता तो मराठीत काही न करता आपोआप मिळतो, इंग्रजीपेक्षा सरस.

'दोन बुरूज' मात्र नको. बुरूज म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर तटबंदी येते, तटाला लागून बाहेर आलेला गोलसर भाग, वर तोफ. बुरूज एकटा उभा नसतो, तो गडाचा अवयव असतो. ऑर्थँक म्हणजे आयझेनगार्डच्या गोल तटाच्या मधोमध 500 फूट उंच उभा राहिलेला काळा कातळ, त्याला बुरूज म्हटलं तर तट आणि मनोरा यांचा घोळ होणार. 'टॉवर' तसंच ठेवलं तर मुंबई-पुण्याच्या वाचकाला पंचवीस मजल्यांची सोसायटी दिसेल. राहता राहिला मनोरा, आणि तो शब्द इथे फार सुंदर बसतो. मनोरा आणि मिनार दोघं मूळ अरबीतून फारसीमार्गे आलेले, आणि टोल्कीनने बनवलेल्या एल्फ लोकांच्या भाषेत मनोऱ्याला शब्द काय, तर मिनास! उच्चार जवळचा असला तरी दोघांचा सुतराम संबंध नाही हं. मनारा हा अरबीत उजेडाशी जोडलेला शब्द, आणि टोल्कीनचा मिनास ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ एकटं उभं असणं, वर निघालेलं असणं. पण मिनास इथिल म्हणजे चंद्राचा मनोरा आणि आपल्या दौलताबादला चांद मिनार उभा आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

एक अडचण आहे, मिनास तिरिथ आणि मिनास मॉर्गुल ही नुसते मनोरे नाहीत, अख्खी तटबंद नगरं आहेत, तिरिथला तर सात तट आणि शेवटच्या तटाच्या आत तो पांढरा मनोरा. मॉर्गुलचं वर्णन मात्र एकदा परत वाचा, पांढऱ्या भिंती, उजेड आहे पण त्या उजेडात काहीच दिसत नाही, आणि मनोऱ्याचा सगळ्यात वरचा थर सावकाश फिरतोय, आधी या बाजूला मग त्या बाजूला, एखादं मुंडकं अंधारात बघत असल्यासारखा. ते वाचल्यावर नगर वगैरे विसरायला होतं, मनोराच लक्षात राहतो.

आणि नावांच्या दुहेरी अर्थाचं म्हणाल तर खुद्द ऑर्थँकबद्दल कादंबरीतच सांगितलंय की त्याचे अर्थ दोन, एल्फ लोकांच्या भाषेत सुळ्याचा डोंगर आणि रोहनच्या जुन्या भाषेत धूर्त मन. दुसरा अर्थ टोल्कीनने खऱ्या जुन्या इंग्रजीतून घेतलाय, तिथे ऑर्थँक म्हणजे कसब, चतुराई. एका जुन्या इंग्रजी कवितेत भव्य बांधकामांना एन्टांची, म्हणजे राक्षसांची कारागिरी म्हटलंय आणि त्याच ओळीत ऑर्थँक शब्द आहे. त्या एका ओळीतून त्याने मनोराही घेतला असावा आणि तो मनोरा ज्यांनी वेढला ते एन्टही! शब्दावरून कथा अशी उगवते हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता लॉर्डचं. हे फ्रोडो की सॉरॉन की खुद्द अंगठी असं म्हणून लोक तासन् तास भांडतात, पण याचं उत्तर पुस्तकात रोखठोक आहे. एलरॉन्डच्या घरी रिव्हेन्डेलमध्ये फ्रोडो बरा होऊन येतो तेव्हा पिपिन मजेत त्याला 'अंगठीचा लॉर्ड' म्हणून पुकारतो आणि गँडाल्फ त्याला तिथल्या तिथे गप्प करतो, तो लॉर्ड फ्रोडो नव्हे, मॉर्डॉरच्या काळ्या मनोऱ्याचा धनी आहे म्हणून. पिपिनच्या तोंडी अंगठी एकवचनी आहे आणि कादंबरीच्या नावात अनेकवचनी, तेही नीट बघा. फ्रोडोकडे एकच होती. तीन एल्फांच्या, सात बुटक्यांच्या, नऊ माणसांच्या, अशा सगळ्यांवर हुकूम चालवायची हाव एकट्या सॉरॉनची. म्हणून मराठीत 'स्वामी' हा शब्द मला इथे खटकतो, आपल्या कानाला त्यात आदर आणि आसरा ऐकू येतो, स्वामी समर्थ आठवतात. 'अधिपती' म्हटलं तर सत्ता तेवढी उरते. अंगठीला 'मुद्रिका' मात्र चपखल, कारण मुद्रिका म्हणजे मुद्रा असलेली अंगठी, आणि या बिनखड्याच्या सोन्याच्या कड्यावर तापवल्यावर अक्षरं उमटतात.

तिसऱ्या खंडाचं कुणी विचारलेलं नाही तरी सांगून टाकतो, 'रिटर्न ऑफ द किंग' हे नावही टोल्कीनला नको होतं, राजा परत येणार हे मुखपृष्ठावरच फुटतं म्हणून. त्याला 'वॉर ऑफ द रिंग' हवं होतं.