भावजयीला सातव्या महिन्यात एचआयव्ही निघाला. बाळाला होणारच का, आणि अंगावर पाजायचं का?

नाही, बाळाला होणारच असं नाही, आणि अंगावर पाजता येतं. उपचार नसतील तर धोका 15 ते 45 टक्के असतो, औषधं नियमित घेतली तर 5 टक्क्यांच्या खाली येतो. एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या औषधांचं सरकारी केंद्र) रोजची एक गोळी मोफत मिळते, ती आजच सुरू करा. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत उपाशीपोटी घेऊ नये, औषध नीट अंगी लागत नाही. एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावी.

पाजण्यात खरी चूक घरातच होते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी, मध, साखरपाणी, वरचं दूध काही नको. या मिसळीने बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. हे सासूबाईंना समोर बसवून सांगा. ताट-तांब्या वेगळा करण्याने मात्र काहीच साधत नाही, जेवणातून, शिवण्यातून हा आजार पसरत नाही.

बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू होतं, दीड महिन्याचं झालं की रक्ततपासणी; पक्का निकाल 18 महिन्यांनी. पण उपचार उशिरा सुरू झालेत, म्हणून बाळंतपणाआधी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) तपासून घ्याच. तो जास्त निघाला तर बाळाला एकाऐवजी दोन औषधं लागतात.

ऊसतोडीला जाणार असाल तर निघण्याआधी सेंटरवर सांगा, गोळ्यांत खंड नको. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारा, फोन मोफत आहे.